कोल्हापूरचे 'विश्ववृत्त': एका राजकीय मासिकाचे अवघड स्मरण

कोल्हापूरच्या नियतकालिकांचा विषय निघाला की बोलणे लवकरच 'सत्यवादी' आणि 'पुढारी' यांच्यावर येते. कोणी थोडे जुने जाणते असेल, तर खंडेराव बागलांच्या 'हंटर'पर्यंत मागे जाते. त्याच्याही आधी, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, याच शहरातून निघणाऱ्या एका मासिकातील लेखावर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्याच्या चालकांना तीन वर्षांचा कारावास भोगावा लागला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्या मासिकाचे नाव 'विश्ववृत्त'. त्याचा विसर पडण्यामागे केवळ काळाचे अंतर आहे, असे मला वाटत नाही. या मासिकाची माणसे कोल्हापूरने स्वतःविषयी जपलेल्या कथेत सरळपणे बसत नाहीत, हे त्याचे खरे कारण आहे.

'विश्ववृत्त'चे संस्थापक प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर. १८६३ साली कोल्हापुरातच जन्मलेले विजापूरकर राजाराम महाविद्यालयात प्राध्यापक होते, पण त्यांची खरी ओढ मराठीतून ज्ञान पोहोचवण्याकडे होती. १८९४ मध्ये त्यांनी 'ग्रंथमाला' हे मासिक सुरू केले. इतिहास, शास्त्र, चरित्र अशा विषयांवरील मोठे ग्रंथ क्रमशः छापून वर्गणीदारांच्या घरी पोहोचवायचे, ही त्याची पद्धत. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या कोणाच्याही चौकटीत न मावणाऱ्या संशोधकाला कोल्हापूरच्या या मासिकात जागा मिळाली, एवढ्यावरूनही संपादकाची नजर कळते. मोठा प्रकाशक पाठीशी नसताना केवळ वर्गणीच्या बळावर असे जाड, अवघड आणि करमणुकीचे आमिष न दाखवणारे मासिक चालवणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. आजही ते सोपे नाही.

'ग्रंथमाले'ने पाया घातला. त्यावर १९०६ मध्ये 'विश्ववृत्त' उभे राहिले आणि विजापूरकरांच्या कामाला उघड राजकीय वळण मिळाले. तो काळ लक्षात घेतला पाहिजे. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली होती. स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे शब्द गावोगावच्या सभांमध्ये घुमत होते. विजापूरकर हे लोकमान्य टिळकांच्या विचाराचे. राष्ट्रीय शिक्षणाच्या कल्पनेतून त्यांनी समर्थ विद्यालय काढले, ते पुढे तळेगाव दाभाडे येथे स्थिरावले, आणि त्या विद्यालयात शिकवण्यासाठी आलेले, तेव्हा नुकतेच एम.ए. झालेले वामन मल्हार जोशी 'विश्ववृत्त'चे संपादकपद सांभाळू लागले. शाळा आणि मासिक या एकाच उद्योगाच्या दोन शाखा होत्या. एक मुलांना घडवू पाहत होती, तर दुसरी त्यांच्या वडिलांना.

येथे मासिक या प्रकाराविषयी थोडे बोलले पाहिजे. साप्ताहिकाला दर आठवड्याला घडलेल्या गोष्टीवर मत द्यावेच लागते. वाचक त्याची वाट पाहत असतो आणि सरकारी भाषांतरकारही पाहत असतो. मासिकाला तशी घाई नसते. ताज्या बातमीच्या शर्यतीत ते नेहमीच मागे राहते, त्यामुळे त्याला बातमीच्या मुळाशी जाणे भाग पडते. राजकारण हे इतिहासाच्या, धर्मविचाराच्या, अर्थशास्त्राच्या रूपाने मांडायचे, हा मराठी मासिकांचा धर्म याच निकडीतून तयार झाला, असे मी म्हणेन. स्वातंत्र्याच्या वर्षी निघालेल्या 'नवभारत'पर्यंत तो सलग दिसतो. अशा लेखनाला विद्वत्तेचे कवच असते, असे आपण धरून चालतो. 'विश्ववृत्त'च्या बाबतीत ते कवच कामी आले नाही.

१९०८ हे मराठी पत्रकारितेचे फार कठीण वर्ष. एप्रिलच्या अखेरीस मुझफ्फरपूरला बाँब फुटला, जूनमध्ये वृत्तपत्रांवर नवा कायदा आला, त्याच महिन्यात टिळकांना अटक झाली आणि २२ जुलैला त्यांना सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा ठोठावण्यात आली. 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे हेही त्याच सुमारास तुरुंगात गेले. 'केसरी' आणि 'काळ' ही साप्ताहिके चालू घडामोडींवर उघड टीका करत होती. 'विश्ववृत्त'वर ज्या लेखामुळे गदा आली, त्याचे शीर्षक मात्र 'वैदिक प्रार्थनांची तेजस्विता' असे होते आणि त्याचे लेखक होते पं. श्रीपाद दामोदर सातवळेकर, ज्यांना महाराष्ट्र पुढे वेदांचे भाष्यकार म्हणून ओळखणार होता. वेदांतील प्रार्थना दीनवाण्या नाहीत, त्या बळ आणि तेज मागणाऱ्या आहेत, हे विवेचन सरकारला राजद्रोही वाटले. त्या वर्षीच्या वातावरणात तेज मागणे आणि ते कोणाविरुद्ध मागितले जात आहे हे समजणे, यात अंतर उरले नव्हते. सरकारने लेख चुकीचा वाचला, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. लेखकाला आणि संपादकाला जे सुचवायचे होते, ते सरकारला नेमके समजले होते, असेच मला वाटते. विजापूरकर आणि वामनराव जोशी यांच्याबरोबर जोशीराव नावाच्या त्यांच्या सहकाऱ्यालाही शिक्षा झाली. विजापूरकर तेव्हा पंचेचाळिशीत होते. वामनरावांचा जन्म १८८२ चा, म्हणजे त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती.

आता त्या अवघडलेपणाकडे येतो. १८९९ च्या सुमारास पंचगंगेच्या काठी सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात छत्रपती शाहू महाराजांना वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी करायच्या, विधींचा अधिकार नाकारणाऱ्या पक्षाची बाजू विजापूरकरांच्या 'समर्थ' या साप्ताहिकाने लढवली होती. टिळकांचा 'केसरी'ही त्याच बाजूचा होता. महाराजांनी १९०२ मध्ये राजघराण्याचे पुरोहित असलेल्या राजोपाध्यांचे वतन जप्त केले आणि त्याच वर्षी २६ जुलैला मागासवर्गीयांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. ज्या भूमिकेच्या विरोधात महाराजांना हे सारे करावे लागले, ती भूमिका विजापूरकरांची होती, आणि त्यावर पांघरूण घालण्याचे काही कारण नाही. वेदमंत्र कोणी म्हणवून घ्यावेत यावर बंधन घालू पाहणारा पक्ष आणि वेदमंत्रांचा अर्थ सांगितला म्हणून तुरुंगात जाणारा पक्ष हे एकच होते, हे ध्यानात घेतले की त्या दशकातील कोल्हापूर किती गुंतागुंतीचे होते याची कल्पना येते. परकीय सत्तेच्या बाबतीत तेज मागणाऱ्यांना आपल्याच गावातील बहुसंख्यांच्या तेजाची मागणी ऐकू आली नाही. दुसऱ्या बाजूला भास्करराव जाधवांचा 'मराठा दीनबंधु' हीच मागणी मांडत होता, आणि त्या काळातील कोल्हापूर समजून घ्यायचे तर ही दोन्ही बाजूंची पाने शेजारी ठेवून वाचावी लागतात.

म्हणूनच आपल्याकडे सोयीस्कर वाटणी झाली आहे. शाहूंच्या कोल्हापुराचा अभिमान बाळगणाऱ्याला 'विश्ववृत्त' हे विरोधकांचे मासिक वाटते, आणि स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास लिहिणाऱ्याला विजापूरकरांच्या चरित्रातील वेदोक्ताचे पान उलटून पुढे जावेसे वाटते. दोघांचाही तोटा होतो, पण अधिक तोटा वाचकाचा होतो, कारण त्याच्यापुढे धड एकही माणूस उभा राहत नाही.

शिक्षेनंतरची हकिगत थोडक्यात सांगता येईल. १९१० मध्ये सरकारने समर्थ विद्यालय बंद पाडले. सुटकेनंतर विजापूरकरांनी तळेगावात शिक्षणाचे काम पुन्हा हाती घेतले आणि १९२६ मध्ये त्यांचे निधन झाले. सातवळेकरांनी शंभरी ओलांडली. वामन मल्हार जोशी यांनी तुरुंगातून आल्यावर 'रागिणी' लिहिली, पुढे महर्षी कर्वे यांच्या स्त्रीशिक्षणाच्या संस्थेत आयुष्य वेचले आणि १९३० मध्ये मडगावच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांच्या कादंबऱ्यांतील पात्रे पानेच्या पाने वाद घालत बसतात, अशी तक्रार वाचक जुन्या काळापासून करत आले आहेत. मला त्या वादांत 'विश्ववृत्त'च्या संपादकाचा हात दिसतो. मात्र या कादंबऱ्यांत प्रतिपक्षालाही पूर्ण वाक्ये बोलू दिली जातात, आणि स्त्रियांनाही. वेदोक्ताच्या वादात 'समर्थ'ला हे औदार्य दाखवता आले नव्हते.