एमटीडीब्लॉक०, बाकी काही नाही

नव्या खेपेतला एकही बोर्ड बूट होईना. जुन्या खेपेतले बोर्ड त्याच फर्मवेअरवर व्यवस्थित चालत होते. दोन खेपांमध्ये फरक एवढाच, की फर्मवेअर जिच्यात राहतं ती ८ मेगाबाइटची जुनी सिरीअल नॉर फ्लॅश चिप मिळेनाशी झाली म्हणून तिच्या जागी १६ मेगाबाइटची बसवली होती. पिना त्याच, व्होल्टेज तेच, फॅक्टरीत चढवलेली इमेजही तीच. चिप मोठी झालीय, लहान नाही, मग अडायचं कारण काय, असं सगळेच विचारत होते.

बोर्डचे संदेश दाखवणारा सिरीअल कन्सोल लावला. बूटलोडर, म्हणजे वीज मिळताच आधी चालणारा छोटा प्रोग्राम, रेडबूट होता, त्याने कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) नीट उचलला. कर्नलही बराच पुढे गेला आणि रूट फाइलसिस्टिम माउंट करण्याच्या पायरीवर पॅनिक होऊन थांबला. अशा वेळी लिनक्स कर्नल त्याला दिसणाऱ्या ब्लॉक डिव्हाइसची यादी छापतो. यादीत एकच ओळ होती: १एफ००, १६३८४, एमटीडीब्लॉक०. हेक्समधला १एफ म्हणजे ३१, एमटीडीब्लॉकचा, म्हणजे फ्लॅशच्या ब्लॉक डिव्हाइसचा, मेजर नंबर (ड्रायव्हर ओळखायचा आकडा). १६३८४ किलोबाइट म्हणजे अख्खी चिप. कर्नलला चिप दिसत होती, वाचताही येत होती, पण तिचे भाग पडलेले दिसत नव्हते. रूट होतं एमटीडीब्लॉक२ वर, आणि ते अस्तित्वातच नव्हतं.

हार्डडिस्कची सवय असलेल्यांना इथे चकायला होतं. डिस्कच्या पार्टिशन टेबलची जागा ठरलेली असते, सगळे तिथेच बघतात. कच्च्या फ्लॅशला असा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. भाग कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे बूटलोडर आणि कर्नल यांच्यातल्या करारावर चालतं, आणि तो करार वाचायला कर्नलमध्ये वेगवेगळे पार्सर असतात. एक कर्नलच्या कमांडलाइनवर दिलेली भागांची यादी, म्हणजे एमटीडीपार्ट्स, वाचतो, एक हार्डवेअरचं वर्णन असलेलं डिव्हाइस ट्री वाचतो, एक रेडबूटने फ्लॅशवरच लिहून ठेवलेली भागांची यादी, म्हणजे एफआयएस डिरेक्टरी, शोधतो. ड्रायव्हर त्यांना क्रमाने विचारतो आणि पहिल्याला टेबल सापडलं की पुढच्याकडे जातच नाही. आमच्याकडे आधी कमांडलाइन, मग रेडबूट, असा क्रम होता.

लॉगमध्ये रेडबूट पार्सरची ओळ होती: अमुक ऑफसेटला टेबल शोधतोय. त्याखाली, टेबल सापडलं नाही. ऑफसेट, म्हणजे चिपच्या सुरुवातीपासूनचं अंतर, होता हेक्समधला एफएफएफ०००.

या एका आकड्यात दोन गोष्टी बोलत होत्या. टेबल कुठल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे एका वेळी पुसल्या जाणाऱ्या तुकड्यात, शोधायचं ते कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ठरतं. शून्य किंवा धन आकडा दिला तर सुरुवातीपासून मोजलेला ब्लॉक, ऋण दिला तर शेवटाकडून. आमच्याकडे डीफॉल्ट उणे एक होतं, म्हणजे शेवटचा ब्लॉक. जुन्या चिपवर ६४ किलोबाइटचे १२८ ब्लॉक, त्यातला शेवटचा, शून्यापासून मोजून, १२७ वा, म्हणजे ७एफ००००. रेडबूटच्या बिल्डमध्ये मात्र चिपचा आकार ८ मेगाबाइट असा पक्का लिहिलेला होता, त्यामुळे त्याच्या लेखी शेवट अजूनही तिथेच होता. कर्नलने चिपची ओळख स्वतः पटवून १६ मेगाबाइटचा शेवट धरला. दोघेही ‘शेवटचा ब्लॉक’ म्हणत होते आणि दोघांचा शेवट वेगळा होता.

पण तेवढंच असतं तर ऑफसेट एफएफ०००० यायला हवा होता. एफएफएफ००० ही शेवटच्या ६४ किलोबाइटची जागा नव्हे, शेवटच्या ४ किलोबाइटची आहे. म्हणजे कर्नल इरेज ब्लॉकच ४ किलोबाइटचा धरत होता. नव्या चिपला ४ किलोबाइटचे सेक्टर पुसता येतात, तशी तिची नोंद ड्रायव्हरच्या यादीत आहे, आणि लहान सेक्टर वापरण्याचा पर्याय कॉन्फिगमध्ये डीफॉल्टने चालू असतो. जुन्या चिपच्या नोंदीत ती खूण नव्हती, म्हणून हा पर्याय चालू असूनही इतके दिवस कुणाला जाणवला नाही.

शेजारच्या सहकाऱ्याने तोवर उणे एकच्या जागी १२७ घालून बिल्ड केलं होतं. बोर्ड पुन्हा तिथेच थांबला. लॉगमधला ऑफसेट या वेळी ७एफ०००. हवा होता ७एफ००००. एक शून्य कमी, कारण १२७ ला ६५५३६ ने गुणण्याऐवजी ४०९६ ने गुणलं गेलं. स्क्रीनवर ते दोन आकडे एकाखाली एक ठेवले तेव्हा त्याला समजावायला वेगळं काही लागलं नाही.

“मॅडम, पार्सरच्या नादी कशाला लागायचं? कमांडलाइनला एमटीडीपार्ट्स देऊन टाकू, शेवटच्या भागाला डॅश लावू, उरलेली सगळी जागा डेटाला,” तो म्हणाला. बोर्ड पाच मिनिटांत बूट झाला असता, खेप पाठवायची घाईही होती. तरी मी ठाम नाही म्हणाले. आमचं फर्मवेअर पहिल्या बूटला डेटाचा भाग पुसून त्यावर जेएफएफएस२ ही फ्लॅशची फाइलसिस्टिम उभी करतं. डॅश म्हणजे चिपच्या टोकापर्यंत सगळं. त्या सगळ्यात १२७ व्या ब्लॉकमधली डिरेक्टरी येते आणि तिच्या अलीकडच्या १२६ व्या ब्लॉकमधलं रेडिओचं कॅलिब्रेशनही येतं. ते प्रत्येक बोर्डवर फॅक्टरीत मोजून लिहिलेलं असतं आणि आमच्याकडे त्याची दुसरी प्रत नव्हती. आकार काटेकोर लिहून हा धोका टाळता आला असता. पण आमच्या अपग्रेडमध्ये कर्नलची इमेज वाढली की रेडबूटकडून एफआयएसमधल्या नोंदी बदलल्या जातात. कमांडलाइनवरची नक्कल तशीच जुनी राहिली असती. एका कराराच्या दोन प्रती ठेवल्या की त्या कधीतरी वेगळ्या होतातच, आणि फ्लॅशवर ते कळतं तेव्हा काहीतरी पुसलेलं असतं.

म्हणून पार्सर रेडबूटचाच ठेवला. डिरेक्टरीचा ब्लॉक १२७ आणि लहान सेक्टरचा पर्याय बंद. लहान सेक्टरमुळे थोडाच मजकूर बदलायला वेळ कमी लागतो हे खरं, पण आमचे सगळे भाग ६४ किलोबाइटच्या हद्दीवर आखलेले आहेत आणि मोठा पट्टा पुसायला मोठा ब्लॉकच जलद. शिवाय रेडबूट, त्याचं कॉन्फिग आणि एफआयएस डिरेक्टरी हे भाग केवळ वाचनीय ठेवणारा पर्याय चालू केला. तो आधी बंद का होता हे मला अजूनही कळलेलं नाही.

नवा कर्नल चढवण्यापूर्वी आणखी एक शंका मिटवायची होती. एफआयएसमध्ये ऑफसेट नसतो, मेमरीतला पूर्ण पत्ता असतो. पार्सर त्याला चिपच्या आकाराचा मास्क लावून, म्हणजे वरचे बिट काढून टाकून, ऑफसेट काढतो. आकार दुप्पट म्हणजे मास्कमध्ये एक बिट जास्त. फ्लॅशचा पाया ८ मेगाबाइटच्या विषम पटीवर असता, तर प्रत्येक भाग ८ मेगाबाइट पुढे सरकला असता. रेडबूटच्या प्रॉम्प्टला एफआयएस लिस्ट दिली. पहिली नोंद रेडबूट, पत्ता बीएफ००००००. खालचे २४ बिट शून्य, म्हणजे दोन्हींपैकी मास्क कुठलाही असो, ऑफसेट शून्यच.

बूट केला. ऑफसेट ७एफ००००, त्याखाली सापडलेल्या भागांची यादी, आणि मग लॉगिन प्रॉम्प्ट. कर्नलची भागांची यादी दाखवणाऱ्या प्रॉक-एमटीडीमध्ये इरेज साइजच्या रकान्यात सगळीकडे ०००१००००, म्हणजे ६४ किलोबाइट. प्रत्येक ओळ एफआयएस लिस्टशी ताडून पाहिली, कॅलिब्रेशनचा भाग आधी घेतलेल्या डंपशी बाइटन् बाइट जुळवला. मग तोच कर्नल जुन्या ८ मेगाबाइटच्या बोर्डवर चढवला, कारण अपग्रेड त्यांनाही जाणार होतं. तिथेही १२७ म्हणजे तीच जागा.

वरचे ८ मेगाबाइट सध्या कुठल्याच भागात नाहीत. ते वापरायचे तर आधी रेडबूटला चिपचा खरा आकार कळायला हवा. पण मग त्याचाही शेवट सरकणार, म्हणून डिरेक्टरीची जागा त्याच्याकडेही आकड्याने पक्की करावी लागेल. तो बदल मी पुढच्या बूटलोडरच्या यादीत टाकलाय. तोपर्यंत ती जागा रिकामी राहिली तरी चालेल, असं मी खेपेच्या नोंदीत लिहिलं आणि बोर्ड सोडले.