सर, आमच्याला वरच्या गटात घ्या ना

मुलाला वयाने मोठ्यांच्या गटात खेळवावं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. दर जूनला नवीन बॅच सुरू झाली की ग्राउंडच्या कडेला रेनकोट काढता काढता कोणाची तरी आई नाहीतर बाबा हेच विचारतात, "सर, आमचा बाराचा आहे पण त्याच्या वयाची मुलं त्याला पुरतच नाहीत हो, फोर्टीनमध्ये घ्या ना." फोर्टीन म्हणजे चौदा वर्षांखालचा गट. पुण्यात 16 वर्षं मुलांना फुटबॉल शिकवतोय, आणि या प्रश्नाचं उत्तर मी पहिली काही वर्षं चुकीचं देत होतो.

काही मुलांनी वर खेळावंच. पण गोल किती मारतो यावरून ते ठरवू नका. बाराव्या वर्षी मॅचला पाचपाच गोल मारणारा मुलगा नीट बघा, बऱ्याचदा तो फक्त लवकर वाढलेला असतो. बॉल पुढे ढकलायचा आणि पळायचं, मागे कोणी पोचतच नाही, मग वर मान करून बघायची गरजच काय, अंगावर माणूस असताना बॉल घ्यायचा कसा हे तो शिकतच नाही. पंधराव्या वर्षी बाकीचे उंचीला गाठतात आणि हा अडकतो. अशा मुलाला जरूर वर पाठवा, तिथे त्याच्या अंगाला कोणी भीक घालत नाही, पायाने आणि डोक्याने खेळावं लागतं.

खरी काळजी मला डिसेंबरच्या मुलांची वाटते. वयाचा गट 1 जानेवारीपासून मोजतात, म्हणजे जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला एकाच टीममध्ये, जवळपास वर्षाचा फरक, आणि दहाबारा वर्षांच्या पोराला एक वर्ष म्हणजे किती मोठं! जगभरच्या अकॅडमींमध्ये, गट ज्या तारखेपासून मोजतात तिच्यानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेली मुलं जास्त दिसतात, त्याचं कारण हेच. चणीने लहान पण खेळ दिसणारं पोर ट्रायललाच मागे पडतं, आणि त्याच्यासाठी विचारायला कोणी येत नाही. इंग्लंडमध्ये प्रीमियर लीगच्या अकॅडमींनी 2015 च्या सुमारास बायो-बँडिंग करून बघितलं, म्हणजे जन्मतारीख बाजूला ठेवून मुलाची मोठेपणी होणारी उंची अंदाजाने काढायची, त्यातली किती टक्के आत्ता झालीय ते बघायचं आणि तसे गट पाडायचे. लवकर वाढलेल्यांना कस लागला, लहान चणीच्यांना आपलं कौशल्य दाखवायला मिळालं. आपल्याकडे एवढा व्याप कोण करणार, पण दर तीन महिन्यांनी भिंतीला उभं करून उंची लिहून ठेवायला काय लागतं? मी ठेवतो.

ती लिहायला लागलो एका मुलामुळे. अकरा वर्षांचा होता, पायात जादू. मीच त्याला कायमचं फोर्टीनमध्ये टाकलं. तिकडे बॉल पाच नंबरचा, म्हणजे 410 ते 450 ग्रॅमचा, मैदान मोठं, आणि त्याच वर्षी त्याची उंची झपाट्याने वाढत होती. टाच दुखते म्हणायचा, मी म्हणायचो बुटं बदल. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाची टोकाची जागा अजून पक्की झालेली नसते, पोटरी तिला ओढत राहते, अशा वेळी पळणं कमी करायचं असतं, हे मला नंतर कळलं. दुखत नसेल तेव्हा तो बेंचवर बसायचा, कारण मॅच जिंकायची असली की मी मोठी मुलं उतरवायचो. दिवाळीनंतर तो आलाच नाही. त्याच्या आईने फोनवर एवढंच सांगितलं, सर, त्याचे मित्र सगळे खालच्या बॅचला आहेत. अजून लागतं ते मनाला.

आता मी असं करतो, मंगळवार-गुरुवार आपल्याच मित्रांबरोबर, शनिवारी एक सेशन वरच्या गटात, आणि तिथे तो किती वेळा बॉलला हात, म्हणजे पाय लावतो ते मोजतो. बॉल मिळतच नसेल तर तो वर खेळत नाहीये, नुसता पळतोय. उंची जोरात वाढत असेल तर तेवढे महिने वर अजिबात नाही.

शालेय स्पर्धांचं एक लक्षात घ्या, तिथे 14 नंतर थेट 17 चा गट. म्हणजे चौदामधून बाहेर पडलेलं प्रत्येक पोर मिसरूड फुटलेल्यांसमोर उभं राहणारच आहे. त्यामुळे चौदाच्या शेवटच्या वर्षी थोड्या मॅचेस मोठ्यांबरोबर मिळाल्या तर चांगलंच.

मुलींचं वेगळंच. टीम पूर्ण होत नाही म्हणून अकराची मुलगी सोळाच्या मुलींबरोबर उतरते, तिला कोणी विचारतही नाही. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत तिला मुलांबरोबर खेळू द्या, तिच्याच वयाच्या. माझ्याकडच्या चार मुली खेळतात, छान खेळतात.

आणि हो, स्पेनचा फुटबॉलपटू लामिन यमाल. पंधराव्या वर्षी बार्सिलोनाच्या मोठ्या टीमकडून खेळला, 2024 ची युरो फायनल सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, हे मला दर आठवड्याला कोणीतरी ऐकवतं. तो दिसतो कारण तो टिकला. माझ्या वहीत ज्याची उंची नाही तो मुलगा कोणालाच दिसत नाही.

तुमच्या मुलाला शनिवारी सातला घेऊन या. आधी भिंतीपाशी उभं करू.