दुसरा खर्डा, सातवा आठवडा: किल्ल्यांचा आवाज

धाकात काढलेल्या लग्नातून बाहेर पडून सावरणाऱ्या एका बाईची प्रेमकथा मी लिहितेय. मागच्या नोंदीच्या वेळी ही कादंबरी 46,000 शब्दांवर होती, आज 41,000 वर आहे. आकडा मागे गेला असला तरी हे सात आठवडे मला आजवरचे सगळ्यात चांगले वाटतात.

सगळ्यात मोठी काटछाट सतराव्या प्रकरणात झाली. तिथे नायिकेचा आधीचा नवरा परत यायचा, भांडण व्हायचं, नायक मध्ये पडायचा आणि तिचा भूतकाळ एकदाचा मिटायचा. प्रसंग जोरकस होता. पण तो ठेवला असता तर तिच्या सावरण्याचं सगळं श्रेय नायकाला गेलं असतं, आणि तिनं स्वतः काढलेली वर्षं वाया गेली असती. आता दुरावा येतो तो तिच्याच एका सवयीतून. चूक कुणाचीही असो, माफी आधी ती मागते. एका रात्री तो दमून आलेला असतो, ती तिसऱ्यांदा "सॉरी" म्हणते आणि तो वैतागून विचारतो, "अगं, पण कशाबद्दल?" तिला सांगता येत नाही. तिथून दोघांचं बिनसत जातं. दोघंही चांगली माणसं आहेत, त्यामुळे राग कुणावर काढायचा हेच कळेना. या एका प्रकरणाला सोळा दिवस लागले.

मनोविकारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी 1992 च्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकात मानसिक आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले आहेत: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक करणं, मग पुन्हा माणसांशी जोडलं जाणं. ते डोक्यात ठेवून पहिला खर्डा वाचला आणि चूक लख्ख दिसली. माझी नायिका तिसऱ्याच भेटीत सगळं सांगून रडून मोकळी होत होती. तिला सुरक्षित वाटावं असं तोवर काही घडलंच नव्हतं! ते सांगणं आता चौदाव्या प्रकरणात नेलंय आणि आधीच्या प्रकरणांत बारीकसारीक गोष्टी पेरल्या आहेत. तो कधी तिच्या आणि दाराच्या मध्ये बसत नाही. ती 'नको' म्हणाली की कारण विचारत नाही. निवेदनात मी याकडे बोट दाखवलेलं नाही. वाचकाच्या लक्षात येईलच. हे टप्पे सरळ रेषेत जात नाहीत असं हर्मनही सांगतात, म्हणून पंधराव्यात ती पुन्हा मागे घसरते. रात्री तीनदा उठून दाराची कडी बघते.

आता किल्ल्या. संध्याकाळी कुलपात किल्ली कशी फिरते यावरून आजची रात्र कशी जाणार हे ती लग्नाच्या काळात ओळखायची. म्हणून दुसऱ्या प्रकरणात शेजारच्या घराचं कुलूप वाजलं तरी तिचा हात वाचता वाचता पानावर थांबतो. सतत सावध राहणं, लहानशा आवाजानं दचकणं हे आघातानंतर खूप जणांच्या बाबतीत होतं, आणि मनाला कळायच्या आत शरीर हललेलं असतं. इथवर जमलं होतं. अडलं ते पुढे: ही भीती गेली हे दाखवायचं कसं? सगळी कादंबरी तिच्या नजरेतून चाललीये. ज्या आवाजाकडे तिचं लक्षच गेलं नाही, तो आवाज तिच्या निवेदनात येणार कुठून? पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'आज तिला भीती वाटली नाही.' पण तसं म्हणायला तिनं भीतीची आठवण काढावी लागते, म्हणजे ती अजून गेलेली नाही.

दोन आठवडे यावर अडून होते. मग एकोणिसावं प्रकरण त्याच्या नजरेतून लिहून पाहिलं. तिच्या घरी येताना तो कितीतरी महिने किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून यायचा, हे तिथे पहिल्यांदा कळतं. त्या दिवशी हातात सामान असतं:

'जुडगा दारावर आपटून खणकन वाजला. तो उंबऱ्यातच थांबला. ती पाय पोटाशी घेऊन वाचत बसली होती. तिनं पान उलटलं. "आलास? दार लोटून घे," ती म्हणाली, मान वर न करता.'

हे लिहिलं आणि मला रडू आलं. नंतर एका शब्दालाही हात लावलेला नाही.

पण त्याची नजर शेवटाकडे अचानक उपटली तर ते उपरं वाटेल. म्हणून चौथं आणि नववं प्रकरणही त्याला देतेय. नववं अर्धं झालंय. त्यात तो मूठ का आवळतो हे सांगायचं नाही, नुसती मूठ दिसली पाहिजे. चौथ्यात अडचण वेगळी आहे: त्याचं स्वतःचं दुःख किती उघडायचं? फार उघडलं तर दोन जखमांची तुलना सुरू होते, आणि झाकलं तर तो नुसता समजूतदार खांदा उरतो. तुमच्यापैकी कुणी दोन नजरांची प्रेमकथा लिहिली असेल, तर दुसऱ्या नजरेला पहिलं प्रकरण कधी दिलंत ते नक्की सांगा. पुढच्या नोंदीपर्यंत नववं पूर्ण करायचं आहे.