आमची वाटचाल: चिमटीत मावणाऱ्या मोटरींचा धंदा

ग्रँट रोड स्टेशनातून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला लागलात की रेझिस्टरपासून सीसीटीव्हीपर्यंत काय म्हणाल ते मिळतं. त्यातल्याच एका गाळ्यात आम्ही फक्त छोट्या मोटरी विकतो. आजूबाजूचे दुकानदार सुरुवातीला हसायचे. अर्धा तास एका पोराशी डोकं लावायचं आणि गल्ल्यात पडणार चाळीस-पन्नास रुपये!

मूळ धंदा वडिलांचा, टेपरेकॉर्डर दुरुस्तीचा. तेव्हा कॅसेट प्लेअरची मोटर हा हुकमी खपाचा नग होता. कॅसेट गेली, दुरुस्ती आटली, पण मोटर मागायला येणारे थांबले नाहीत. आता ती इंजिनीअरिंगची आणि डिप्लोमाची मुलं होती, पवईच्या आयआयटीतल्या टेकफेस्ट महोत्सवासाठी रोबो बनवणारी. त्यांना आम्ही भंगारातल्या सीडी ड्राइव्ह उघडून द्यायचो. एकीत तीन मोटरी निघतात: ट्रे आत-बाहेर करणारी, तबकडी फिरवणारी आणि लेन्स सरकवणारी. ट्रेची बहुधा साधी डीसी, दोन वायरी जोडल्या की फिरते. तबकडीची मात्र बऱ्याचदा ब्रशलेस, म्हणजे वेगळ्या ड्रायव्हर सर्किटशिवाय न फिरणारी असते, आणि पोरं तिला बॅटरी लावून नुसती बघत बसतात.

भंगारात एकसारख्या दोन मिळतीलच असं नसतं, आणि रोबोच्या दोन चाकांना तर जुळी जोडी लागते. म्हणून नवा माल घ्यायला लागलो. खरी डोकेदुखी तिथून सुरू झाली.

एन20 गिअर मोटरचंच, म्हणजे पुढे गिअरपेटी जोडलेल्या एका छोट्या मोटरीचंच बघा. गिअरपेटी 12 मिमी रुंद, 10 मिमी उंच, शाफ्ट 3 मिमीचा आणि एका बाजूने तासलेला. 30 आरपीएमची (मिनिटाला 30 फेरे घेणारी) काय आणि 500ची काय, वरून बघून ओळखून दाखवा! मोटर जितकी छोटी तितका तिचा वेग जास्त आणि जोर कमी. सगळी करामत आतल्या गिअरच्या प्रमाणात. एका पुरवठादाराने सॅम्पल एक दाखवून भलत्याच गिअरची पेटी पाठवली, तेव्हापासून नवा माल आला की आम्ही आधी काउंटरवर मोजतो. मोकळी फिरताना किती करंट घेते, शाफ्ट पकडीने क्षणभर धरल्यावर किती, आणि मिनिटाला किती फेरे. तिन्ही आकडे पाकिटावर हाताने लिहून ठेवतो. आमच्याकडे लोक येतात ते मुख्यतः या पाकिटांसाठी, असं माझं मत आहे. मोटर काय, चार दुकानं सोडूनही मिळते.

धरून ठेवल्यावरचा आकडा सगळ्यांत कामाचा, कारण सुरू होतानाही मोटर पहिल्या क्षणी तेवढाच करंट ओढते. अर्डुइनो उनो, म्हणजे पोरं रोबोसाठी वापरतात तो प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, त्याच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअर घ्यावेत, 40 म्हणजे कमाल. मोबाइलमध्ये थरथरणारी नाण्याएवढी मोटर, व्यास 10 मिमी, जाडी 3च्या आसपास, तीसुद्धा याहून जास्त मागते. म्हणून तिच्यासोबत ट्रान्झिस्टर, डायोड आणि 104चा (0.1 मायक्रोफॅरडचा) सिरॅमिक कपॅसिटर यांची पुडी देतो. तिच्या लाल-निळ्या वायरी केसासारख्या बारीक असतात. आधी मोटर चिकटवा, मग वायरी सोल्डर करा. उलटं केलंत तर वायर मुळातून तुटते आणि नवी घ्यावी लागते. आमचा खप वाढतो, पण जीव तुटतो.

सगळ्यांत चोखंदळ गिऱ्हाईक म्हणजे दादरचे एक निवृत्त मोटरमन. आजोबा 1:87 प्रमाणात लोकल बनवतात, 16.5 मिमी अंतरावरच्या रुळांवर धावणारी. अट अशी की मोटर खिडकीतून दिसता कामा नये. "ताशी 80ला पळाली पाहिजे हो," म्हणाले. कागद घेऊन बसलो: 80ला 87ने भागलं, सेकंदाला साधारण 25 सेंटिमीटर; चाक 11 मिमीचं, म्हणजे मिनिटाला साडेचारशेच्या आसपास फेरे. 500ची एन20 आडवी टाकली, दोन चाकांमध्ये बरोबर बसली. पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. गाडी स्टेशनातून सुटताना झटका देते म्हणे, असं कुठे असतं का? मग वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग हळूहळू चढवणारा, पीडब्ल्यूएम सर्किटचा बोर्ड दिला.

2020च्या टाळेबंदीत गाळा बंद पडला आणि कुरिअर सुरू झालं. आज बाहेरगावची पार्सलं काउंटरच्या विक्रीला गाठत आली आहेत. त्यातली निम्मी डोकेफोड ड्रोनच्या 8.5 बाय 20 मिमीच्या कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरींपायी. त्यांत लाल-निळ्या वायरीची सहसा घड्याळाच्या दिशेने फिरणारी, काळी-पांढरी उलट. चारांचा संच मागताना दोन्ही दिशांच्या दोन-दोन सांगायचं लोक विसरतात. आम्ही फोन करून विचारतो.

बदली मोटर हवी असेल तर येताना जुनी घेऊन या, जळकी असली तरी चालेल. फोटोवरून शाफ्टची जाडी कळत नाही.