हिशेबाचा तक्ता: लाखाचा स्वल्पविराम आला, उणे चिन्ह घसरलं

गेल्या खेपेला घरखर्चाचा तक्ता जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहून टर्मिनलवर (नुसती अक्षरं दाखवणाऱ्या खिडकीत) सरळ उभा केला होता. प्रिंटएफला (ठरावीक साच्यात छापणाऱ्या आज्ञेला) रकमेसाठी १५ घरं, दोन दशांश आणि स्वल्पविराम सांगितला की आकडे उजवीकडे टेकतात. दूध, वाणसामान, वीज, सगळं छान. मग गृहकर्जाची ओळ टाकली आणि छापून आलं २,३४५,६७८.५०. आई डोकावून म्हणाली, "हे किती रे?"

भारताचं लोकेल (देश-भाषेनुसार आकडे नि चलन दाखवायची सेटिंग) दिलं की झालं, असं वाटलं होतं. जावा ९ पासून त्यात जुन्या 'रु.'छाप अक्षरांऐवजी ₹ येतं खरं, पण स्वल्पविराम तीन-तीनवरच. मग डेसिमलफॉरमॅट, म्हणजे दिलेल्या नमुन्याप्रमाणे आकडा मांडणारा जावाचा भाग. त्याच्या पॅटर्नमध्ये दोन-दोनवर स्वल्पविराम दिले, तरी तो फक्त शेवटच्या गटाची लांबी धरतो. डॉक्युमेंटेशनमध्ये तसं सरळ लिहिलंय, मीच वाचलं नव्हतं. आयसीयूफोरजे या बाहेरच्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) हे जमतं, पण एका तक्त्यासाठी अख्खी लायब्ररी ओढायचं जिवावर आलं.

मग हातानेच. बिगडेसिमल (दशांश अचूक धरणारा जावाचा आकडा) दोन दशांशांवर आणायचा, शेवटचे तीन अंक बाजूला काढायचे, उरलेले मागून दोन-दोन. २३,४५,६७८.५०! तासभर नुसता बघत बसलो. मग परताव्याची ओळ आली: -,४५,०००.००. उणे चिन्हही अंकांतच मोजलं जात होतं. आता आधी चिन्ह काढतो, गट पाडतो आणि शेवटी पुढे चिकटवतो. तयार स्ट्रिंगला (अक्षरांच्या माळेला) १५ घरांत उजवीकडे ढकलायचं काम प्रिंटएफचंच. क्रम उलटा केला की स्वल्पविरामांनी रांग फुटते.

जाता जाता: ०.१२५ प्रिंटएफने ०.१३ होतो, डेसिमलफॉरमॅटने ०.१२. आकडा बरोबर मधोमध आला की दुसरा मुळात सम अंकाकडे झुकतो. दोन्ही एकाच तक्त्यात वापरले, तर बेरजेत पैसा हरवतो आणि तो शोधण्यात रविवार जातो. (गेला.)

आता उरली मराठी नावं. 'किराणा' दिसायला तीन अक्षरं, जावाच्या मोजणीत सहा, कारण काना आणि वेलांटी वेगळी धरली जाते. त्यामुळे नावापुढची रक्कम दर ओळीत वेगळीकडे सरकते. ब्रेकइटरेटरने (दिसणारी अक्षरं तोडून देणाऱ्या जावाच्या भागाने) अक्षरं मोजून पाहिली, पण टर्मिनलचा फॉन्ट 'णा'ला किती जागा देईल याचा भरवसा नाही. शेवटी नावाचा रकाना उचलून उजव्या टोकाला नेला: तारीख, रक्कम, मग नाव. नावामागे काहीच नसल्यामुळे वाकडं दिसायला काही उरत नाही. ₹ फक्त शीर्षकात ठेवलाय.

पुढच्या खेपेला महिन्याची बेरीज आणि तिच्यावरची रेघ.