स्क्वेअर फुटाला १४० रुपये

गेल्या वर्षी एप्रिलमधला रविवार. डोंबिवली पूर्वेला रेल्वे लाइनच्या कडेला एक सोसायटी आहे. तळमजला अधिक चार, तीन विंग, ४८ फ्लॅट, १९८७ चं बांधकाम. तिच्या दुरुस्तीची कोटेशनं त्या दिवशी सकाळी दहाला उघडायची होती. मी इमारत दुरुस्तीचा ठेकेदार, बावीस वर्षं हेच करतोय. ठाण्यातलं काम शनिवारी संपलं होतं आणि सोमवारपासून माझ्या चौदा माणसांना द्यायला हाताशी काम नव्हतं. घरातून निघतानाच मुकादमाचा फोन आला, "शेठ, हे काम बसतंय ना? पोरं गावाला जायचं म्हणतायत." एप्रिलमध्ये गावाला गेलेली पोरं पेरण्या उरकून, गणपती करूनच येतात. काही येतच नाहीत.

पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. कमिटीचे सात जण, सोसायटीने नेमलेले स्ट्रक्चरल कन्सल्टंट आणि आम्ही तीन ठेकेदार. सेक्रेटरी मॅडमनी पाकिटं फोडली आणि शेवटचे आकडे मोठ्याने वाचले. माझे ४६ लाख ८० हजार. दुसऱ्याचे ४४ लाख १० हजार. तिसऱ्याचे ३१ लाख ५० हजार. जीएसटी तिघांचाही वरून.

चेअरमन माझ्याकडे वळून म्हणाले, "साहेब, पंधरा लाखांचा फरक आहे. तुमचं काम आम्ही बघून आलोय, चांगलं आहे. पण आता तुम्ही किती खाली येताय ते सांगा."

त्यांचं चुकत नव्हतं. पंधरा लाख म्हणजे घरटी जवळजवळ ३२ हजार. त्या इमारतीत निम्मी घरं पेन्शनवर चालतात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या आजींनी तो आकडा ऐकून पदराचं टोक हातात घट्ट धरलं होतं, ते मी पाहिलं.

खाली कसं यायचं ते मला ठाऊक आहे. या धंद्यात प्रत्येकाला ठाऊक असतं. बाहेरचं प्लास्टर दोन कोटांचं असतं. पहिला कोट बारा-पंधरा मिलिमीटरचा, दुसरा आठ-दहाचा. दोन्ही मिळून पंधरात उरकले तर वरून रंग मारल्यावर कोणालाही कळत नाही. १४ हजार स्क्वेअर फुटांच्या प्लास्टरला माझ्या हिशोबात २४० गोणी सिमेंट लागतं, तिथे दीडशेत भागतं. पॉलिमर, म्हणजे मसाला घट्ट धरावा म्हणून त्यात मिसळायचं केमिकल, सिमेंटच्या वीस टक्के घालायचं ते पाच टक्के घालायचं. सात दिवस पाणी मारायचं ते दोन दिवस मारायचं, म्हणजे एक माणूस वाचला. यातलं काहीही पहिल्या पावसात दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात दिसतं, आणि तोवर ठेकेदाराचा फोन लागत नाही. मुकादमाने या दिवसांत मला एकदा हळूच विचारलंही होतं, एक कोट पातळ मारून काम घ्यायचं का. तो हे लबाडीने विचारत नव्हता. चौदा जणांच्या पगाराची काळजी माझ्याइतकीच त्यालाही होती.

मी चेअरमनना म्हटलं, "एक रुपयाही खाली येत नाही. पण मला तिन्ही कोटेशनं आयटमवार बघू द्या. सगळ्यांसमोरच."

हे मी सरकारी कामांवरून शिकलो. पूर्वी काही वर्षं मी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या कामांवर पोटठेकेदार होतो. तिथे अंदाजपत्रकाच्या फार खाली दर भरला तर जादा सुरक्षा ठेव भरावी लागते. केंद्र सरकारच्या कामांतही बोली अवास्तव कमी वाटली तर लेखी दरपृथक्करण मागवता येतं: या दरात माल किती, मजुरी किती, दाखवा. एवढे नियम असूनही तिथे अंदाजपत्रकाच्या तीस-तीस टक्के खालची टेंडरं जातातच, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण निदान प्रश्न विचारायची सोय तरी आहे. सोसायट्यांमध्ये तेवढीही नसते. उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीला दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, ते होतं, अहवाल येतो, आणि मग सगळा निर्णय कोटेशनच्या शेवटच्या पानावरच्या एका आकड्यावर होतो.

कन्सल्टंटनी मान डोलावली आणि तक्ता पुढे केला. आरसीसी दुरुस्तीचा पॉलिमर मॉर्टर, म्हणजे खराब काँक्रीट फोडून त्या जागी भरायचा मसाला, एक इंच जाडीला, २,४०० स्क्वेअर फूट. माझा दर ३१० रुपये, साडेएकतीस लाखवाल्यांचा १४०. मी वहीच्या कागदावर हिशोब मांडला. एक गोणी सिमेंट, दीडशे किलो वाळू आणि दहा किलो पॉलिमर, यात एक इंच जाडीने साधारण चाळीस स्क्वेअर फूट भरतं. म्हणजे या कामाला साठ गोण्या आणि सहाशे किलो पॉलिमर. किलोला अडीचशे रुपये धरले तर नुसत्या पॉलिमरचे दीड लाख, स्क्वेअर फुटाला बासष्ट रुपये. त्यात सिमेंट, क्वार्ट्झची वाळू, गंज काढायचं केमिकल, सळईला लावायचा प्रायमर, बॉन्डिंग कोट. १४० रुपये इथेच संपतात. छिन्नी मारणारा आणि भरणारा मिस्त्री अजून या हिशोबात आलेलाच नाही.

आणि त्याच पानावर खाली एक ओळ होती, जिच्याकडे कमिटीतल्या कोणाचंच लक्ष गेलं नव्हतं. मायक्रो काँक्रीट, म्हणजे खराब कॉलमभोवती ओतायचं पातळ काँक्रीट, लिटरचा दर. माझा १२५, त्यांचा २२०. तक्त्यात परिमाण फक्त ५०० लिटर, म्हणून एकूण आकड्यात फरक दिसत नाही. पण अडतीस वर्षांच्या कॉलमचं प्लास्टर उघडलं की ५०० चे ३,००० लिटर सहज होतात. बिल प्रत्यक्ष मोजमापावर निघतं. तेव्हा माझ्या दराने पावणेचार लाख लागले असते, त्यांच्या दराने ६ लाख ६० हजार. परांची उभी राहिलेली, अर्धी इमारत फोडलेली. त्या वेळी कुठली कमिटी ठेकेदाराशी भांडणार?

तो ठेकेदार समोरच बसला होता. तिशीतला मुलगा. त्याने काही उत्तर दिलं नाही, मोबाइल हातात उलटसुलट करत राहिला.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे एक काका उठले. एमआयडीसीतल्या कारखान्यात फिटर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झालेली. म्हणाले, "हे सगळं कागदावर. कॉलम उघडून दाखवा. बघू खरंच एवढं खराब आहे का." कन्सल्टंटनी परवानगी दिली. गाडीतून हातोडी आणि छिन्नी आणली.

पार्किंगमधल्याच एका कॉलमवर मागे कधीतरी दुरुस्ती झालेली दिसत होती. वरून गुळगुळीत, रंगवलेलं. सेक्रेटरी मॅडम म्हणाल्या, २०१६ साली केलं होतं, तेव्हाही सगळ्यात कमी कोटेशन घेतलं होतं. मी हातोडी हलकेच टेकवत खालून वर नेली. गुडघ्यापर्यंत टणक आवाज, मग एकदम बोदा. आजींनाही तो फरक ऐकू आला, खुर्ची ओढून त्या जवळ आल्या. दोन तळहातांएवढा भाग मी छिन्नीने फोडला. प्लास्टर पोळीच्या पापुद्र्यासारखं अख्खं सुटून हातात आलं. मागे पॉलिमर नाही, प्रायमर नाही, गंज घासलेलाही नाही. गंजलेल्या सळईवर सरळ साधं सिमेंट थापलेलं. सळईवर बोट फिरवलं तर तांबूस खपल्या शर्टावर पडल्या.

काका म्हणाले, "थांबा." आणि जिना चढून घरी गेले. खाली आले ते लाकडी पेटी घेऊन. तिच्यात त्यांचा व्हर्नियर, बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं हत्यार, कपड्यात गुंडाळून तेल लावून ठेवलेला. मी तारेच्या ब्रशने सळई पांढरी होईपर्यंत घासली. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, जबडे सळईला लावले, वाचलं, पुन्हा लावले.

"नकाशात किती आहे?"

"सोळा मिलिमीटर," कन्सल्टंट म्हणाले.

"अकरा पॉइंट चार."

आकडा लहान वाटतो, म्हणून कन्सल्टंटनीच समजावलं: व्यास सोळाचा अकरावर आला की सळईचं क्षेत्रफळ निम्मं उरतं. ज्या कॉलमखाली आपण बसलोय त्यातली ती सळई आता निम्मीच आहे. आणि ही दुरुस्त केलेली जागा आहे, याचे पैसे सोसायटीने दिलेले आहेत.

त्यानंतर कोणी मला खाली यायला सांगितलं नाही. मी त्यांना एकच विनंती केली, की काम कोणालाही द्या, पण दर पुन्हा मागवताना सगळ्यांकडून हे लिहून घ्या: प्लास्टरची जाडी मिलिमीटरमध्ये, प्रत्येक आयटमला सिमेंटच्या गोण्या किती, पॉलिमर किती किलो. भरायच्या आधी घासलेल्या सळईचा फोटो. पॉलिमरचे रिकामे डबे सोसायटीच्या ताब्यात, मोजून, भोक पाडून, म्हणजे ते पुन्हा भरून येणार नाहीत. परिमाण वाढलं तर दर काय, तेही आधीच. काकांनी ते सगळं स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतलं.

बाहेर रिक्षा स्टँडजवळ तो तरुण ठेकेदार मला गाठायला आला. मला वाटलं, भांडणार. तो म्हणाला, "भाऊ, मी बेचाळीस भरले असते तर माझ्याकडे कोणी बघितलं नसतं. मागच्या चार ठिकाणी बरोबर रेट भरला, चारही गेली." त्याला उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. माझीही गेली आहेत. दोन वर्षांपूर्वी एका पावसाळ्यानंतर सलग पाच गेली होती आणि बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून मी पगार केले होते. मी त्याला एवढंच म्हटलं, की अटी लिहिलेल्या असतील तर बरोबर रेट भर, मग आपण दोघं एकाच कामाचा भाव सांगत असू.

पंधरा दिवसांनी सुधारित दर उघडले. माझे तेच, ४६ लाख ८०. त्याचे ४१ लाख २०. मॉर्टरचा दर १४० वरून २८५ वर आला होता, मायक्रो काँक्रीट २२० वरून १३० वर. मी त्याचा तक्ता ओळ न् ओळ तपासला. परांचीत तो माझ्यापेक्षा स्वस्त होता, कारण बांबू त्याचे स्वतःचे आहेत, मी भाड्याने आणतो. ऑफिस नाही, एक इंजिनियर कमी. बाकी सगळ्या दरांत माल आणि मजुरी बसत होती. कन्सल्टंटनी मला बाजूला घेऊन विचारलं, "या दरात होईल?" मी म्हटलं, होईल.

काम त्याला मिळालं. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण ३१ लाखांपुढे हरलो असतो तर जी आग झाली असती, ती झाली नाही. त्याने मला भावात हरवलं, आणि तो भाव खरा होता. मेमध्ये कल्याणला दोन गच्च्यांच्या वॉटरप्रूफिंगची कामं मिळाली, त्यावर नऊ माणसं टिकली. पाच गावाला गेली. त्यातले दोन अजून आले नाहीत, एक माझा सर्वांत चांगला छिन्नीवाला होता.

दसऱ्यानंतर तिथलं काम सुरू झालं. काकांचे फोन येतात. पॉलिमरचा डबा मोहोरबंद आहे की नाही हे कसं ओळखायचं, सळई किती पांढरी झाली म्हणजे पुरे. परवा म्हणाले, "आज अकरावा डबा रिकामा झाला. वीस किलोचा. तीस व्हायला हवेत ना?" मी म्हटलं, हो, तीस.

गेल्या आठवड्यात सकाळची स्लो लोकल ठाकुर्लीच्या अलीकडे सिग्नलला थांबली. दारातून ती इमारत दिसत होती, परांची गच्चीपर्यंत गेलेली. लाइनच्या बाजूच्या चारही कॉलमना गोणपाट गुंडाळलं होतं आणि एक पोरगा पाइप धरून उभा होता. गोणपाटातून पाणी निथळत होतं.