ऑफिसातला प्रिंटर आणि वार्षिक सभेची नोटीस

शुक्रवार, रात्र

वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस उद्या रात्रीपर्यंत प्रत्येक घरात पोचली पाहिजे. १४ पूर्ण दिवसांची मुदत, म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही नाही. पुढे गणपती, आणि ३० सप्टेंबरच्या आत सभा व्हायलाच हवी. तारीख पुढे ढकलायला जागाच नाही.

आमच्या ठाण्यातल्या, पाचपाखाडीच्या सोसायटीच्या ऑफिसात कॉम्प्युटर नाही. जुना बंद पडला, नवीन घेतला नाही. पत्रं, नोटिसा, पावत्या सगळं माझ्या, म्हणजे सचिवाच्या, फोनवरून प्रिंटरला जातं, आणि आजवर नीट जात होतं. या आठवड्यात इंटरनेटवाल्यांनी जुना राउटर काढून नवा बसवला आणि तेव्हापासून एकाही फोनला प्रिंटर दिसत नाही. आज संध्याकाळी प्रिंट दिली. गोल चक्र फिरत राहिलं, मग ‘प्रिंटर सापडला नाही’.

खजिनदार काका म्हणाले, "अगं, राम मारुती रोडवरच्या झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप कर ना, दहा मिनिटांत काढून देईल." नुसती नोटीस असती तर केलंही असतं. पण सोबत ताळेबंद जातो, आणि त्याला कोणत्या सभासदाकडून किती येणे बाकी आहे याची यादी जोडलेली असते. कोणाचा मेंटेनन्स का थकलाय हे मला माहीत आहे. एकाची नोकरी गेली आहे, एका घरात मोठं आजारपण चाललंय. ती यादी अनोळखी माणसाच्या फोनमध्ये कायमची पडून राहील हे मला पटत नाही. सोसायटीचा कागद सोसायटीच्या ऑफिसातच छापला जावा. काकांनाही पटलं.

समितीतल्या एकाने तर "प्रिंटरच जुना झालाय, नवा घेऊ" असंही सुचवलं. शाईच्या टाकीवाला प्रिंटर, कागद ओढतो, झेरॉक्स स्वच्छ काढतो. जो प्रिंटर झेरॉक्स काढतो त्याचं यंत्र धडधाकट आहे. दोष फोन आणि प्रिंटर यांच्या मधल्या वाटेत आहे, आणि ती वाट एकेक टप्पा तपासता येते. उद्या तेच करायचं.

शनिवार, दुपार

सकाळी नऊला ऑफिस उघडलं. बाहेर मुसळधार पाऊस, गेटपाशी नेहमीचं तळं.

सुरुवात प्रिंटरपासून केली. फोनकडे आधी बघण्यात अर्थ नसतो. प्रिंटरवरचा वायफायचा निळा दिवा लुकलुकत होता. आमच्या मॉडेलवर दिवा स्थिर असेल तर जोडणी झाली आणि लुकलुकत असेल तर अजून शोधतोय. मग त्याच्याकडूनच त्याची नेटवर्कची माहिती छापून घेतली. बहुतेक प्रिंटरना ही सोय असते, एखादं बटण काही सेकंद दाबून धरलं की एक पान बाहेर येतं. हे पान म्हणजे अर्धं निदान. त्यावर नेटवर्कचं नाव होतं जुन्या राउटरचं, आणि आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक, १६९.२५४ ने सुरू होणारा. हा पत्ता राउटर देत नाही. कोणीच पत्ता दिला नाही की यंत्र स्वतःच स्वतःला असा पत्ता घेतं. म्हणजे बिचारा प्रिंटर इतके दिवस गेलेल्या राउटरचीच वाट बघत बसला होता.

नव्या राउटरला जोडायचं तर राउटरवरचं डब्ल्यूपीएसचं (पासवर्ड न टाकता जोडायचं) बटण दाबून दोन मिनिटांच्या आत प्रिंटरवरचं दाबायचं, ही सोपी रीत. ती चाललीच नाही. काकांच्या फोनवरून राउटरच्या सेटिंगच्या पानावर गेले (ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, पासवर्ड राउटरच्या पोटाखालच्या स्टिकरवर) तर कारण समोरच होतं. वायफायच्या सुरक्षेला फक्त डब्ल्यूपीए३ ही पद्धत ठेवलेली. ती २०१८ मध्ये आली. आमच्या प्रिंटरला तिच्या आधीच्या डब्ल्यूपीए२ पर्यंतचंच कळतं, आणि नुसतं डब्ल्यूपीए३ असेल तिथे डब्ल्यूपीएस चालत नाही. तिथे डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ असा मिश्र पर्याय असतो, तो निवडला. आणखी एक बघितलं, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालू आहे ना. पुष्कळ घरगुती प्रिंटरना ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही.

बटणं पुन्हा दाबली. निळा दिवा स्थिर झाला! माहितीचं पान पुन्हा काढलं, पत्ता १९२.१६८.१.७.

काकांच्या फोनवरून चाचणीचं पान निघालं. माझ्या फोनवर मात्र तेच, सापडला नाही. आता इथे माणूस फोन रीसेट करायला निघतो, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतो. त्याआधी एक साधी परीक्षा करावी, मला ती सगळ्यांत उपयोगी वाटते. फोनच्या ब्राउझरमध्ये प्रिंटरचा पत्ता टाकायचा. प्रिंटरचं स्वतःचं छोटं वेबपान असतं. ते उघडलं तर वाट मोकळी आहे, फक्त ओळख पटत नाहीये, आणि मग प्रिंट सेवेत तोच पत्ता हाताने भरून काम होतं. पान उघडलंच नाही तर वाटच बंद आहे. माझ्याकडे उघडलं नाही.

फोन प्रिंटर शोधतो कसा, हे एकदा समजलं की बाकीचं आपोआप उलगडतं. फोन त्या नेटवर्कवर सगळ्यांना उद्देशून विचारतो, इथे कोणी प्रिंटर आहे का? प्रिंटर उत्तर देतो, आणि मग बहुतेक वेळा आयपीपी नावाच्या ठरलेल्या भाषेत कागद त्याच्याकडे जातो. आयफोनवर हे एअरप्रिंट नावाने २०१० पासून आहे. अँड्रॉइडमध्ये ८.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, प्रिंट सेवा आतच येते, तिचा पाया मोप्रिया या कंपन्यांच्या संघटनेने दिलेला. म्हणून हल्ली वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्या प्रिंटरपुरता जोडप्रोग्राम, लागत नाही. पण ही हाक त्याच नेटवर्कपुरती असते. बी विंगच्या जिन्यात मारलेली हाक ए विंगमध्ये कशी ऐकू जाणार?

माझा फोन दुसऱ्याच जिन्यात उभा होता. राउटर बसवायला आलेल्या मुलाने समितीला जे वायफायचं नाव लिहून दिलं ते पाहुण्यांच्या नेटवर्कचं. काकांनी मुख्य नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड स्टिकरवरून घेतला होता, म्हणून त्यांचं जमलं. पाहुण्यांच्या नेटवर्कवरचा फोन इंटरनेटवर जाऊ शकतो, घरातली बाकीची यंत्रं त्याला दिसत नाहीत. ही सोय चांगलीच आहे, ऑफिसात आलेल्या कुठल्याही माणसाला आमचा प्रिंटर दिसू नये, म्हणून ती तशीच ठेवली. समितीच्या फोनना मुख्य नेटवर्क दिलं, आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्डही बदलला.

अशा वेळी लोक पट्ट्यावर संशय घेतात, फोन ५ वर आणि प्रिंटर २.४ वर म्हणून चालत नाही म्हणतात. नेटवर्क एकच असेल तर सहसा काही बिघडत नाही, राउटर दोघांना जोडतो.

बाकीच्यांचं पटापट झालं. एका सभासदाच्या फोनवर व्हीपीएन चालू होतं, म्हणजे फोनचं सगळं बोलणं बाहेरच्या सर्व्हरमार्गे जात होतं. ते बंद करताच प्रिंटर दिसला. एकीच्या आयफोनवर प्रिंटर कंपनीच्या अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी नव्हती, ही परवानगी आयओएस १४ पासून लागते. एकजण इंटरनेटमार्गे छापायची गूगल क्लाउड प्रिंट ही सेवा शोधत होता. कोणीतरी त्याला जुना व्हिडिओ पाठवलेला. ती सेवा ३१ डिसेंबर २०२० ला बंद झाली.

दुपारी दीडला वीज गेली. पाच मिनिटांत आली, पण राउटर आणि प्रिंटर एकदमच उठले आणि प्रिंटरला पत्ता मिळाला शेवटी .७ ऐवजी .११ असलेला! ठाण्यात पावसाळ्यात वीज अशी ये-जा करणारच, म्हणून राउटरमध्ये प्रिंटरचा मॅक पत्ता (यंत्राचा स्वतःचा कायमचा क्रमांक) नोंदवून त्याच्यासाठी .७ राखून ठेवला. आता वीज कितीही वेळा गेली तरी तो .७ वरच येईल.

शनिवार, रात्र

नोटीस निघाली आणि पहिल्याच पानाला प्रिंटर थांबला, कागदाचा आकार जुळत नाही म्हणे. फोनने आपणहून ‘लेटर’ धरलं होतं, २१६ बाय २७९ मिलिमीटर, आणि ट्रेमध्ये ए४, २१० बाय २९७. प्रिंटच्या पडद्यावर वरच्या बाजूला आकार बदलता येतो. तिथे ए४ केलं, अडकलेलं जुनं काम रांगेतून रद्द केलं, पुढे धडाधड निघाली.

खरा वेळ खाल्ला ताळेबंदाने. ऑडिटरच्या ऑफिसातून आलेली वर्डची फाईल फोनवर उघडली तर मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा. काका घाबरले, फाईल खराब झाली म्हणाले. फाईल बरोबर होती. मराठी टायपिंग करणाऱ्या कितीतरी ऑफिसांत अजून श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असे जुने फॉन्ट वापरतात. त्यांत ‘क’ हा खरा ‘क’ नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षरावर ‘क’चं चित्र चढवलेलं असतं. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला खालची इंग्रजी अक्षरंच दिसतात. फोनवर ते फॉन्ट नसतात. ऑडिटरकडच्या मुलीला फोन केला, "ताई, त्याच कॉम्प्युटरवरून पीडीएफ करून पाठवा, फॉन्ट आत घेऊन." शनिवारी संध्याकाळी सातला ती थांबली आणि तिने पाठवली. तिचे मनापासून आभार मानले. पीडीएफमध्ये प्रत्येक नाव, प्रत्येक जोडाक्षर जागच्या जागी. आपल्या भाषेतला कागद आपल्या सभासदांना नीट वाचता यावा, यासाठी मी रात्रभर थांबले असते.

मधे एकदा राउटरची तार हलून नेटवर्क गेलं तेव्हा वायफाय डायरेक्ट कामाला आलं. प्रिंटरचं स्वतःचं नेटवर्क असतं, नाव ‘डायरेक्ट’ने सुरू होतं, फोन थेट त्याला जोडायचा. फोन कुरकुरतो की इथे इंटरनेट नाही, आणि हळूच मोबाइल डेटाकडे वळतो. म्हणून तेवढ्यापुरता मोबाइल डेटा बंद ठेवायचा.

साडेनऊला वॉचमनने गठ्ठे उचलले. "मॅडम, वर्षभराचे पैसे कुठे गेले ते यात आहे ना?" त्याने विचारलं. त्यालाही एक प्रत दिली, यादी वगळून. तळमजल्यावरच्या आजी व्हॉट्सअ‍ॅप वापरत नाहीत. त्यांनी चष्मा लावून दारातच पहिलं पान वाचलं, लिफ्टच्या खर्चाचा विषय आहे का ते बघितलं आणि मग वहीत सही केली. बोर्डवर नोटीस लावली, तारीख आजची.

पोच-वहीत सी विंगच्या दोन घरांच्या सह्या बाकी आहेत, कुलूप होतं. दरवाजातून आत टाकून फोटो काढून ठेवला, परदेशातल्या सभासदांना पीडीएफ ईमेलने गेली. सोमवारी राउटर आणि प्रिंटरचा पत्ता, नेटवर्कचं नाव आणि माहितीच्या पानाचं बटण कोणतं, एवढं एका कागदावर लिहून ऑफिसच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवायचं आहे. पुढच्या वर्षी सचिव कोणीही असो.